डाव्या हाताचा वण

"मी तेरा वर्षांची असताना माझ्या हातात कोयता आला, मॅडम... आई अंथरुणाला खिळली होती, धाकटी बहीण लहान होती... मी शाळा सोडली आणि ऊस तोडायला गेले!"

चुलीपुढे बसलेल्या हेमलाचे भाकरी थापणारे हात जागीच थांबले. आतल्या खोलीत धाकटी निकिता आरशासमोर उभी राहून उद्याच्या मुलाखतीची उजळणी करत होती, तांड्यावरची बोली बाजूला सारून एकेक शब्द घोटत होती, आणि ती सांगत होती ते सगळं खरं होतं, अक्षरन् अक्षर खरं होतं... फक्त ते तिचं नव्हतं! ती हेमलाची जिंदगी होती.

मानोऱ्याजवळच्या त्या तांड्यावरून दसरा झाला की माणसं ऊसतोडीला निघत. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, ही तिथली रीत. एकट्या माणसाला मुकादम अर्धा कोयता म्हणायचा आणि तोंड फिरवायचा. आई भुरीबाईनं अंथरूण धरलं आणि बाप हरिसिंग अर्धाच उरला. तेव्हा ती अर्धी जागा भरायला सातवीतली हेमला बापाबरोबर गेली, आणि आठ वर्षांची निकिता आश्रमशाळेत राहिली. पुढं आई गेली, हंगामामागून हंगाम गेले, हेमलाला आलेली स्थळं "निकूचं होऊ द्या, मंग पाहू" असं ऐकून परत गेली. या सगळ्याबद्दल हेमलानं कधी चकार शब्द काढला नाही. निकूला ठाऊक आहे ना, मग झालं, एवढंच तिला वाटायचं.

"...आणि उसाच्या फडात माझा हा उजवा हात कापला गेला, तेव्हा..."

"उजवा नाई." हेमला दारात उभी होती.

निकिता दचकली. थोरल्या बहिणीला ती बाईच म्हणायची. "बाई! तू आयकून राह्यली?"

"ते माहं हाय, निकू."

निकिताचा चेहरा लाजेनं लाल झाला आणि त्या लाजेचाच राग झाला.

"मंग मी काय सांगू? क्लासचे सर म्हणतात, संघर्ष सांगा, समोरच्याच्या डोयात पाणी आलं पाह्यजे! बाकीच्या पोरींजवळ सांगाले लय हाय. माह्याजवळ काय हाय, बाई? उपाशी राह्यली नाई, कामाले गेली नाई... तूच जाऊ देल्लं नाई मले कुठं! सारं दुःख तूच घेतलं, माह्यासाठी काईच ठेवलं नाई!"

कोयता हाती घेतल्यापासूनच्या तेरा वर्षांत पहिल्यांदाच हेमलाला ओरडावंसं वाटलं, मग मी कोण गं? उद्यापासून माझं म्हणून काय राहील? माझे दिवस दिलेच होते, आता त्यांची आठवणही तूच नेणार? पण खाटेवर निकिताचा इस्त्री केलेला पांढरा कुर्ता पसरलेला होता, आणि ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या लेकरांसाठी चालवलेल्या त्या वसतिगृहातली नोकरी म्हणजे ही पोर फडाकडे कधीच जाणार नव्हती. हेमला तिच्याजवळ बसली. तिनं पिठानं माखलेला डावा हात पुढं केला. अंगठ्याच्या मुळापासून मनगटापर्यंत जाड, पांढरट वण गेलेला होता.

"हे पाय. कोयता उजव्या हातात राह्यते, डाव्यानं ऊस धराव लागते. म्हून लागते ते डाव्याले. उजवा म्हणशीन त ज्यानं एकडाव ऊस तोडला तो वयखीन तुले." तिनं वणावरचं पीठ पुसलं. "डावा म्हणजो. आन् हात ओढणीत ठेवजो... तुह्या हातावर काई नाई ना!"

दुसऱ्या दिवशी वाशीमला, वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेच्या कचेरीबाहेरच्या बाकावर हेमला डबा मांडीवर घेऊन बसली होती. दाराला नुसता पडदा होता. आतून निकिताचा आवाज येत होता, स्पष्ट, धीट. शाळा, कॉलेज, तांड्यावरच्या पोरांची शिकवणी, सगळं छान झालं. मग एका बाईंनी विचारलं, "आयुष्यातला सर्वांत कठीण काळ कोणता?"

हेमलानं डोळे मिटले.

निकिता सांगू लागली. तेरावं वर्ष, अर्धा कोयता, पहाटेचा गारठा, डाव्या हातावर बसलेला घाव... एक शब्द चुकला नाही! आपलंच आयुष्य पडद्याआडून परक्यासारखं ऐकताना हेमलाच्या डोळ्यांतून धारा लागल्या. मग त्या बाई अगदी मायेनं म्हणाल्या, "थंडीत दुखतो का गं अजून तो हात?"

हे काही हेमलानं तिला शिकवलं नव्हतं. हेमला डबा बाकावर ठेवून उठून उभी राहिली.

"मला... मला माहीत नाही, मॅडम," निकिताचा आवाज फुटला. "तो हात माझ्या बहिणीचा आहे. मी तेव्हा आश्रमशाळेत गरम भात खात होते. मी खोटं सांगितलं. मी संघर्ष केलाच नाही, माझ्या वाटचा तिनंच केला... हेमला हरिसिंग राठोड नाव आहे तिचं. आणि इतक्या वर्षांत, तिचा हात दुखतो का, एवढंसुद्धा मी तिला कधी विचारलं नाही!"

थोड्या वेळानं पडदा सरला. निकिता खाली मान घालून बाहेर आली आणि तिच्यामागून त्या बाई. त्यांनी बाकाजवळच्या हेमलाकडे पाहिलं, दोन्ही हात जोडले, आणि निकिताला म्हणाल्या, "निकाल सोमवारी कळवू."

"गेली, बाई... नोकरी गेली!" बाकावर बसताच निकिता हमसून हमसून रडू लागली.

"जाऊ दे. दुसरी येईन," हेमला म्हणाली. तिचा स्वतःचा पदर ओला होता. त्या कचेरीत, खुर्चीवरच्या माणसांसमोर, तिचं नाव कुणीतरी मोठ्यानं घेतलं होतं!

निकितानं तिचा डावा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला. वणावरून अंगठा फिरवत, कालच्या घोटलेल्या मराठीत नव्हे, तर घरच्या बोलीत, तिनं हळूच विचारलं,

"दुखते का गं, बाई?"

हेमलाचा नेहमीचा "नाई गं" ओठांपर्यंत आला. तिनं तो गिळला.

"दुखते, निकू," ती म्हणाली. "हिवाळ्यात लय दुखते."