पाणी कुठे थांबतं

मोठ्या शहरात राहायला जायचं हे ठरलं, पण त्या शहरात नेमकं कुठे, यावरून घरात दोन पक्ष पडले. एका पक्षात मेहुणी एकटी, आणि दुसऱ्यात कुणीच नाही, कारण तिच्यापुढे तोंड उघडायची त्याची आणि त्याच्या बायकोची टाप नव्हती. मेहुणीचा सगळा संसार त्या शहरात झालेला. कुठल्या उपनगरात डास, कुठल्या उपनगरात गोंगाट आणि कुठे नळाला धार येत नाही, हे तिला तोंडपाठ. तिचं म्हणणं एकच होतं, हॉस्पिटलजवळ राहा.

त्यात खोट काढायला जागा नव्हती. बायकोच्या पोटातली गाठ काढून वर्ष होत आलं होतं, तपासण्या शहरातच व्हायच्या होत्या, आणि 'आता सगळं ठीक ना?' असं विचारलं की डॉक्टर चष्मा पुसत म्हणत, "काही वर्षं जाऊ देत, मग बोलू." या 'मग'ने त्याची झोप उडवली होती. बायको मात्र खिडकीत ऊन येणारं घर हवं, एवढंच म्हणे.

त्याचा धंदा दगडी फरशी घासून पॉलिश करण्याचा. फरशी कुठे किती झिजलीय हे बघायला तो कोणत्याही घरात आधी मगभर पाणी मागायचा, ते जमिनीवर ओतायचा आणि गाल जवळजवळ फरशीला टेकवून बघत राहायचा. झिजलेल्या जागी पाणी थांबतं. त्यावरून घरात कोण कुठे वावरलं, हे त्याला सवयीने कळे. रिकामी घरं बघायला निघाल्यापासून बायकोने याचा खेळच करून टाकला होता. "चला, चहाड्या सांगा आता," असं म्हणून ती कंबरेवर हात ठेवून उभी राही.

हॉस्पिटलजवळच्या घरात चहाड्या नव्हत्याच. तिथल्या चकचकीत टाइल्सवरून पाणी सरळ मोरीत गेलं. बायको खिडकीशी गेली. समोर हॉस्पिटलची पाटी होती. "रोज सकाळी उठून हेच बघायचं?" तिने विचारलं.

"सोय बघ ना ताई," मेहुणी म्हणाली.

बाजारामागच्या उपनगरातलं घर जुनं होतं. तिथे पाण्याने काठी टेकत फिरणारा एक म्हातारा दाखवला, आणि भिंतीलगत शिवणयंत्रावर बसणारी कुणीतरी. बायको पोट धरून हसली. पण त्या घरात दुपारीही दिवा लावावा लागत होता. मेहुणीने हात टेकले.

मग तिच्या ऑफिसातल्या कुणीतरी अगदी टोकाचं उपनगर सुचवलं. "बघून घ्या, म्हणजे तुमच्या मनातून जाईल," असं म्हणत मेहुणी त्यांना तिथेही घेऊन गेली. बसचा शेवटचा थांबा होता तो. रुंद रस्ते, झाडांच्या मुळांनी उचललेला फुटपाथ, सायकलदुरुस्तीचं दुकान, गच्चीगच्चीवर वाळत घातलेल्या चादरी. मेहुणी पत्ता विचारायला दुकानाकडे वळली, आणि बायको समोरच्या गल्लीत चालू लागली.

"ताई, तिकडे कुठे?"

"इकडेच असेल," बायको म्हणाली.

होतं तिकडेच. मेहुणीने तिला शाबासकी दिली.

मालकीणबाई खालच्या मजल्यावर राहत. वरचं घर त्यांनी मुलासाठी बांधलं होतं. मुलगा परदेशी गेला तो तिकडचाच झाला. "एक दिवससुद्धा कुणी राहिलं नाही हो," त्या कुलूप काढत म्हणाल्या. "नवंकोरं आहे अजून." आत अंधार होता. दिव्याचं बटण कुण्या शहाण्याने दाराच्या मागे, पार खाली बसवलं होतं. बायकोने हात घातला आणि दिवा लावला. चाचपडली नाही. मालकीणबाई म्हणाल्या, "मला अजून सापडत नाही ते."

खिडक्या उघडल्या तसं ऊन भसकन आत आलं. बायकोचा चेहरा असा खुलला की त्याला तिच्याशी लग्न ठरलं तो दिवस आठवला. फरशी दगडी होती, राखी रंगाची. त्याने मगभर पाणी मागितलं.

"कोऱ्या घरात काय बघणार, भावोजी?" मेहुणी म्हणाली.

त्याने पाणी ओतलं आणि गुडघे टेकले.

पाणी पसरलं नाही. पाण्याने एक वाट धरली. झोपायच्या खोलीच्या दारातून ते स्वयंपाकघराकडे निघालं आणि वाटेत पावलापावलाला थांबत गेलं. त्याला वाटलं, दगड हलका लावलाय. त्याने बोट फिरवलं. दगड चांगला होता, कारागिराने मन लावून बसवलेला.

"ही इमारत किती जुनी?" त्याने विचारलं.

"माझ्या धाकटीच्या वयाची. ती आत्ता कॉलेजात जाते."

या दगडात एवढा खळगा पाडायला अनवाणी माणसाला उभं आयुष्य घालवावं लागतं. हे तो झोपेतही सांगू शकला असता.

ओट्यासमोर पाणी एकाच पावलात साचलं होतं. एकाच. बायको चहा उकळेपर्यंत एका पायावर उभी राहायची, दुसरा पाय त्यावर ठेवून. लग्नापासून तो तिला त्यावरून चिडवत आला होता.

त्याने पुन्हा वाटेकडे पाहिलं. डावं पाऊल प्रत्येक ठिकाणी बाहेर वळलेलं होतं. ऑपरेशननंतर ती तशीच चालू लागली होती.

ती स्वयंपाकघरातल्या खिडकीकडे निघाली. तिचं प्रत्येक पाऊल पाण्यावर पडत गेलं, सवयीच्या जिन्याच्या पायरीवर पडावं तसं, न बघता.

त्याला भीती वाटायला हवी होती. अंगावर काटा आलाही. पण त्याआधी त्याला आनंद झाला. ही झीज म्हातारीची होती. शेवटी शेवटी पावलं आखूड झाली होती, एकमेकांना खेटून पडली होती, तरी चालतच होती. डॉक्टरांचं ते 'मग' कधीच मागे पडलं होतं. ती जगणार होती. इथे, या उन्हात.

मग त्याने स्वतःला शोधलं.

दिवसभर गुडघ्यांवर काम करून त्याच्या उजव्या टाचेची बाहेरची कड घासत जाई, चपलाही तिथेच फाटत. दारापाशी त्याला ती टाच सापडली. पाणी तिथे थांबत नव्हतं. दगडावरची चमक तेवढी गेली होती. तेवढ्याला दोन-तीन वर्षं पुरतात.

तो पुन्हा सगळ्या खोल्यांतून रांगला. दुसरीकडे कुठे त्याचं काही नव्हतं.

दुसरं घर घेतलं तर? हॉस्पिटलजवळच्या त्या फरशीवर त्याचं काही लिहिलेलं नव्हतं. पण तिचंही नव्हतं.

त्याने फार वेळ घेतला नाही. "हेच घर," तो म्हणाला.

"भावोजी, हॉस्पिटल केवढं लांब!"

"लागणार नाही."

बायकोने वळून पाहिलं. "अहो, रडताय की काय?"

"गुडघे दुखतायत."

"मग उठा ना. की या फरशीशीच संसार थाटताय?" ती म्हणाली, आणि हसत हसत मगातलं उरलेलं पाणी बाहेरच्या खोलीत ओतून मोकळी झाली.

ते खिडकीजवळ गेलं. तिथे एका खुर्चीच्या पायांनी दगडात खोल ओरखडे काढले होते, रोज ओढली, रोज सारली, असे. पाणी त्यांत भरलं. पुढे सरकलं.

त्या खुर्चीच्या समोर ते चार ठिकाणी बाजूला झालं. चार वाटोळ्या जागा कोरड्या राहिल्या. त्यांच्याभोवतीचा दगड झाडून-पुसून झिजला होता. त्या चार जागा नव्या होत्या.

तिच्या समोरची खुर्ची कुणी कधी हलवलीच नव्हती.

"ऊन बघितलंत का?" बायको म्हणाली आणि त्याला हात द्यायला आली. रिकाम्या खोलीतून, सरळ त्याच्याकडे बघत. त्या चार जागांपाशी ती जरा वाकडी झाली, पदर आवरला, आणि वळसा घालून पुढे आली.