न वाजलेल्या ताटल्या

“ही नाही वाजत! हीसुद्धा नाही! आता तरी कबूल कर, खऱ्या ताटल्या कुठं विकल्यास?”

सासूबाईंनी गुलाबाची ताटली टेबलावर अशी ठेवली, जणू हाताला चटका बसला! काचेच्या कपाटापाशी सून मान खाली घालून उभी होती. त्या कपाटात सासऱ्यांनी सारा जन्म ओतलेला... हातानं रंगवलेल्या, चिनी मातीच्या जुन्या जर्मन ताटल्या, कडेला सोनेरी रेघ, मधे गुलाब, आणि पाकळी अशी नाजूक की फुंकर घातली तर हलेल! लिलाव, जुनी दुकानं, रिकामी होणारी घरं पालथी घालून त्यांनी त्या एकेक जमवल्या. पाठचा कारखान्याचा निळा शिक्का ते भिंगातून वाचायचे. पण शेवटचा निवाडा बायकोचा. ताटली बोटांच्या टोकांवर तोलायची, कडेला नखानं टिचकी मारायची आणि कान द्यायचा... अस्सल, धड ताटली घंटेसारखी वाजते. तडा असला, माल हलका असला, की बद्द बोलते. “शिक्का खोटा मारता येतो, हिचे कान फसवता येत नाहीत,” असं ते चारचौघांत सांगायचे, आणि शाळेची पायरी जेमतेम चढलेल्या सासूबाई तेवढ्यावर राणीसारख्या वावरायच्या.

सासरे गेले. टिचकीचा मान मात्र सासूबाईंचाच राहिला. दुसऱ्या कुणी ताटली वाजवायची नाही. आणि मग एकामागून एक ताटल्या मुक्या होत गेल्या. किल्ली सुनेकडे, म्हणजे चोरही सूनच!

सुनेला खरं ठाऊक होतं. एकदा पुसताना तिची अंगठी कडेला लागली आणि खोलीभर असा गोड नाद घुमला... शेजारी बसलेल्या सासूबाईंनी मानसुद्धा वळवली नाही! “तोंडात गुळणी धरून बोलता का रे सगळे?” असं त्या हल्ली सारख्या का खेकसतात, तेही तिला त्याच क्षणी उमगलं.

सांगून टाकावं? एका शब्दानं कलंक पुसला जाईल. पण सासऱ्यांनी दिलेला तो कानांचा मान, तो एकुलता एक दागिना त्या माउलीच्या अंगावरून आपणच ओरबाडून घ्यायचा?...

“अगं, नाही म्हण की एकदा!” दारात उभा असलेला तिचा नवरा कळवळून ओरडला.

“मीच बदलल्या, आई,” सून मोठ्यानं म्हणाली.

नवऱ्यानं तोंड फिरवलं. सासूबाईंनी किल्ली काढून घेतली. “उद्या माहेरची वाट धर.”

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांचे जुने मित्र आले. जुन्या वस्तूंचे व्यापारी ते. खऱ्या ताटल्या बाजारात दिसल्या तर शोधून द्याव्यात, म्हणून सासूबाईंनीच बोलावलं होतं. सुनेची बॅग दाराशी तयार होती.

“बघा भाऊजी, काय भिकार माल भरून ठेवलाय बयेनं!”

व्यापाऱ्यांनी गुलाबाची ताटली बोटांवर तोलली, टिचकी मारली... आणि त्यांचे डोळे आपोआप मिटले. ते उघडले, तेव्हा सासूबाईंच्या पाठीमागे सून जिवाच्या आकांतानं मान हलवत होती, हात जोडत होती... नका, काका, नका सांगू!

व्यापारी घुटमळले. “नकलीच आहे, वहिनी...”

सासूबाई कपाटाच्या काचेकडे पाहत होत्या. काचेत ते जोडलेले हात स्वच्छ दिसत होते.

“माझे कान गेले, होय ना?” त्या म्हणाल्या. “डोळे शाबूत आहेत, भाऊजी. खरा नाद ऐकला की ह्यांचेही अस्सेच मिटायचे...”

मग त्या वळल्या. “गधडे! माझ्या कानांपायी चोर झालीस?”

“आई, मी...”

“मोठ्यानं बोल! आता काय लपवायचं राहिलंय?” आणि ती ताठ मान पहिल्यांदाच सुनेच्या खांद्यावर कोसळली! नवऱ्यानं मुकाट्यानं बॅग उचलून आत नेली. बायकोकडे पाहायचं धैर्य त्याला झालं नाही.

सासूबाईंनी किल्ली सुनेच्या हातात कोंबली. “वाजव.”

“तो मान तुमचा आहे, आई.”

“वाजव म्हणते ना!”

सुनेनं ताटली तोलली, टिचकी मारली. सासूबाई आशाळभूतपणे तिचा चेहरा न्याहाळत राहिल्या, जणू तिथंच कुठंतरी तो आवाज उमटणार होता...

“आहे का गं अजून नाद?”

नाद केव्हाच विरला होता.

“आहे, आई,” सून मोठ्यानं म्हणाली. “अजून आहे.”