पावणेदोनच्या वेगाने

भोपाळच्या बिट्टन मार्केटच्या आठवडी हाटात भेंडी निवडत होते, तेवढ्यात मला माझाच आवाज ऐकू आला.

"सुरीच्या मुठीवर रक्त होतं आणि दार आतून बंद होतं!"

आवाज माझा, पण बोलण्याची घाई अशी, की जणू मागे कुत्रं लागलंय. मी वळून पाहिलं. शेजारी एक उंच मुलगा खिशातून फोन ओढून काढायची धडपड करत होता. त्याच्या इअरफोनची चार्जिंग संपली होती आणि फोन भर बाजारात खुनाचं वर्णन करत सुटला होता. भाजीवाल्याने तराजू खाली ठेवला.

"क्यों खां, किसका मर्डर हो गया?"

"किसी का नहीं भैया, किताब है... किताब!" मुलगा कानापर्यंत लाल झाला.

"अरे यार, आवाज तर बंद करा," मी म्हणाले. "लोकं बघून राहिले."

त्याने कसाबसा फोन गप्प केला आणि माझ्याकडे बघून हसला. "तुम्ही मराठी?"

"थोडीशी," मी म्हणाले.

हसताना त्याच्या उजव्या गालावर खळी पडली. मी बघितली नाही असं दाखवलं. पण बघितली.

तेवढ्यात सप्टेंबरच्या पावसाची एक सर आली. आम्ही दोघं पिशव्या सावरत समोरच्या चहाच्या टपरीच्या ताडपत्रीखाली शिरलो. त्याचं नाव आशय. पुण्याहून दोन वर्षांपूर्वी सोनागिरीजवळच्या मोठ्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून आलेला, राहायला बाग सेवनियात. कारखान्याची बस गावभर माणसं गोळा करत जाताना एक तास घेते, येताना एक तास. तेवढ्या वेळात तो पुस्तकं ऐकतो.

"वर्षाला शंभर," त्याने छाती पुढे काढून सांगितलं. "अ‍ॅपमध्ये मोजणी आहे. ऑफिसात सगळ्यांना सांगून बसलोय, या वर्षी शंभर म्हणजे शंभर."

"कसली ऐकता?"

"खून, अवकाश, आणि मोठी माणसं पहाटे पाचला उठून काय करतात ते."

"मग तुम्ही उठता पाचला?"

"छे! ऐकतो फक्त."

मला हसू आलं. "आणि प्रेमकथा?"

"त्या नको. आवडतेस एवढं सांगायला तीनशे पानं! पहिल्याच पानावर सांगून मोकळं व्हावं ना." चहाचा घोट घेऊन तो म्हणाला, "मी सगळं पावणेदोनच्या वेगाने ऐकतो. मधल्या शांत जागा अ‍ॅप आपोआप कापून टाकतं. तासाभरात किती वेळ वाचतो, माहितीये?"

"आणि ही वाचणारी बाई कोण?" मी शक्य तितक्या साधेपणाने विचारलं.

"कोण जाणे. शेवटी नाव सांगतात वाटतं, तोवर मी पुढचं लावलेलं असतं. आवाज काय हो, कुणाचाही चालतो. पण मराठी मात्र काय शुद्ध आहे बाईंचं! तुम्ही पण ऐकत जा..." तो खट्याळ हसला, "फायदा होईल."

आता सांगते. ती बाई मी. विनिता खानझोडे. आजोबा सरकारी नोकरीपायी नागपूरहून भोपाळला आले, तेव्हापासून आमच्या घरात मराठीत हिंदी आणि हिंदीत वऱ्हाडी कालवलेलं असतं. पण माइकसमोर बसले की माझ्या जिभेवर दुसरीच कोणी येऊन बसते. तोवर तीन वर्षांत बारा पुस्तकं वाचली होती मी. कपड्यांच्या कपाटात रजया टांगून, पंखा बंद करून, आईला कुकर लावू नको म्हणून हातापाया पडून! एकेका वाक्याआधी किती थांबायचं, कुठे श्वास घ्यायचा, यासाठी दिवस दिवस घालवते. आणि हा मुलगा माझे श्वास कापून मला ऐकत होता. वर मलाच माझ्याकडून मराठी शिकायला सांगत होता.

मी त्याला तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. म्हटलं, ओळख की तूच!

पुढच्या हाटाला तो होता. त्याच्या पुढच्याही. तीन माणसांच्या घराला लागतात त्याच्या तिप्पट भाज्या मी त्या दिवसांत आणल्या. तुम्हीचं तू कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. मी एकच पुस्तक तीन तीनदा वाचते, आवडलेल्या पानात बसचं तिकीट ठेवते, हे ऐकून तो हवालदिल झाला.

"तीनदा? अगं, तेवढ्यात दुसरी दोन झाली असती!"

"तू जेवतोस पण असाच का? पावणेदोनच्या वेगाने?"

"जेवण मोजत नाही मी."

"तेवढं तरी बरं आहे. पण..."

"आला तुझा 'पण'!" तो घड्याळाकडे बघायचा. "आता चहा गार होईपर्यंत बाई गप्प."

ही माझी जुनी खोड. 'पण' म्हटलं की मी थांबते. बाबा म्हणतात, तुझ्या 'पण'नंतर माणूस पेपर वाचून घेऊ शकतो.

एकदा सीताफळं द्यायला आशय घरी आला. बाबांनी त्याला पाऊण तास सोडलं नाही आणि तो गेल्यावर मला म्हणाले, "मुलगा चांगला आहे. जरा घाईत असतो, एवढंच." मी काय काम करते हे त्याने एकदा विचारलं होतं. "घरून करते," एवढं ऐकून त्याचं समाधान झालं होतं. मला ते खुपलं होतं. कारण तोवर मला तो आवडायला लागला होता, भरपूर, आणि मला कुणी पूर्ण ऐकलं पाहिजे अशी माझी अट होती. जन्मभराची गोष्ट आहे हो! तिथे शांत जागा कापून कसं चालेल?

डिसेंबरच्या सत्तावीस तारखेला मटारच्या ढिगापाशी त्याने स्वतःच विषय काढला.

"विनिता, मला तू आवडतेस. लग्न करायचंय. झालं, सांगितलं!" एका दमात. हातात मटारची शेंग. "आता तू पण पटकन सांग."

खोटं कशाला बोलू, मी त्याच क्षणी हो म्हणाले असते.

"आशय, मला तुला एक सांगायचंय. बरेच दिवसांपासून. पण..."

मी थांबले. नेहमीसारखी.

"थोडक्यात सांग ना," तो म्हणाला.

भाजीवाला मटार तोलायचा थांबला. मी पिशवी उचलली.

"उत्तर पाहिजे ना? मग एक पुस्तक ऐक. कालच आलंय अ‍ॅपवर, तुझ्या त्या शुद्ध मराठीवाल्या बाईंचं. प्रेमकथा आहे. साध्या वेगाने ऐकायचं, काही न कापता, शेवटच्या शब्दापर्यंत. मग ये घरी."

त्याने फोन उघडून बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. "नऊ तास चाळीस मिनिटं! विनिता, माझी अठ्ठ्याण्णव झालीत. चार दिवस उरलेत. बाकीची दोन छोटी मी शोधून ठेवलीत गं..."

"तुझी मर्जी," मी म्हणाले आणि मागे न बघता रिक्षात बसले. मागे बघायचं फार मनात होतं.

त्यानंतर फोन नाही, मेसेज नाही. अठ्ठावीस गेली, एकोणतीस गेली. मी नव्या पुस्तकाचं पहिलं पान अकरा वेळा वाचलं आणि अकरा वेळा पुसलं. आईने विचारलं, "सर्दी झाली का गं?" मी हो म्हटलं. अट घालताना मी फार ऐटीत होते, पण तीस तारखेच्या दुपारी रजयांच्या मध्ये बसून मला स्वतःचा भयंकर राग आला. एका आकड्यासाठी कुणी सोडून देईल, असं स्वतःला का पणाला लावावं माणसाने?

एकतीसला, उन्हं कलायच्या वेळी बेल वाजली. दारात आशय. डोळे तारवटलेले, हात रिकामे, कानात काही नाही.

"शंभर झाली?" मी विचारलं. आवाज ताठ ठेवला.

"नव्व्याण्णव."

"अरे यार! एकच राहिलं?"

"वेळ होता. पण लावलंच नाही." तो चौकटीला टेकला. "तुझंच परत लावलं."

तुझंच. मी दाराची कडी घट्ट धरली.

"शेवटी नाव ऐकलंस तर."

"नाव तीनदा ऐकलं. पण ओळखलं दुसऱ्याच प्रकरणात. ती मुलगी नदीवर त्याला सांगते ना, जायचं तर जा, पण..." तो थांबला. चांगला थांबला. "तिथे तू थांबतेस. मी बसमध्ये ताडकन उभा राहिलो. शेजारच्याने विचारलं, काय झालं? म्हटलं, हा 'पण' मी ओळखतो. तीन महिने भाजी घेताना ऐकलाय."

"मग दुसऱ्या प्रकरणातच का नाही आलास? चार दिवस माझा जीव टांगणीला लावून..."

"अट शेवटच्या शब्दापर्यंतची होती ना." तो खाली बघत हळूच म्हणाला, "आणि मला थांबवेना. विनिता, बारा पुस्तकं ऐकलीत मी तुझी. म्हणजे ऐकलीच नाहीत. त्या खुनाच्या गोष्टीत दार उघडायच्या आधी तू श्वास रोखतेस. मला माहीतच नव्हतं गं. मला सगळी परत ऐकायची आहेत. आणि त्या दिवशी तू काय सांगत होतीस, तेही. लागेल तेवढा वेळ घे."

मला रडू आलं आणि हसूही आलं. आत बाबांचा पेपर सळसळला, म्हणजे ते सगळं ऐकत होते. आईने कुकर गॅसवरून उतरवला.

"तू मला आवडतोस," मी म्हणाले. "पहिल्या भेंडीपासून. पण..."

मी थांबले. मुद्दाम नाही, सवयीने. समोरच्या घराच्या गच्चीवर कुणीतरी वाळत घातलेले कपडे काढत होतं. खालून एक रिक्षा गेली. आशय माझ्याकडे बघत उभा राहिला. घड्याळाकडे नाही, फोनकडे नाही. कपडे काढून झाले, गच्चीचं दार बंद झालं, तरी तो तसाच उभा होता.

"पण शुद्ध मराठी फक्त पुस्तकात मिळेल," मी म्हणाले. "घरात लोकं असेच बोलून राहिले असतात."

त्याच्या गालावर खळी पडली. या वेळी मी ती उघडपणे बघितली.

"चालेल!" तो म्हणाला, आणि एवढं एक मात्र पावणेदोनच्या वेगाने.