ओली सरकी

"दादा, आधी मूठभर माल दाखवता का?"

हा प्रश्न ऑनलाइन हिरे विकणाऱ्याला विचारून दाखव, अशी पैज रूपाली आणि रीतानं माझ्याशी लावली होती. हिरे म्हणजे आमच्या गेममधले पैसे. आणि मूठभर माल ही माझ्या बाबांची भाषा. बाबा हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस पारखतात. गाडी आली की वरचा कापूस ते बघतही नाहीत. वर सगळेच चांगला ठेवतात! कोपरापर्यंत हात आत घालून मूठभर काढायचा, त्यातली सरकी दाताखाली धरायची. वाळलेली असली तर कट्‌कन फुटते. ओली नुसती चेपते, म्हणजे माल नापास.

हे त्यांना जिनिंगमधले जुने पारखी सदाशिवराव यांनी शिकवलं. सदाशिवराव गाडी नापास करताना एक शब्द बोलायचे नाहीत. चेपलेली सरकी गाडीवाल्याच्या हातावर ठेवायची आणि पुढं जायचं. तोंडात कायम लवंग, पुढचा एक दात अर्धा तुटलेला. दोन वर्षांपूर्वी ते वारले.

तर मी विचारलंच! पोरींनो, मागच्या वर्षीपर्यंत मी हजेरीलाही लाजायची. आता मी 'वणा वाघिणी'ची, आमच्या नदीच्या नावाच्या टीमची कॅप्टन, दहावी ब. शनिवारी गेमच्या स्पर्धेत आमची फायनल होती आणि टीम माझ्या खात्यावर नोंदवलेली. माझं खातं गेलं तर रूपाली, रीता आणि मी, तिघीही बाहेर. पण फायनलला तिघींना एकसारखा केशरी पोशाख हवाच होता, आणि तो हिऱ्यांशिवाय मिळत नाही.

विकणाऱ्याचं उत्तर आलं, "माल एकदम चोख, ताई. निम्म्या भावात. पासवर्ड पाठव, मीच आत जाऊन टाकतो."

"पाठव ना वं स्वीटी," रूपाली म्हणाली. "पाह्य, किती लोकायनं त्याले चांगलं लिहून ठेवलं!"

उद्या बघू, म्हटलं. दप्तर भरताना कंपासपेटीत एक सरकी दिसली. चेपलेली. बाबांच्या शर्टातून पडली असेल. मी फेकून दिली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर दोघी माझ्या घरी आल्या. फोनचं कव्हर काढलं तर आत अजून एक चेपलेली सरकी. तेव्हा माझ्या लक्षात आलं, जुलै चालू आहे. जिनिंगचा हंगाम मे महिन्यातच संपला. घरात कापसाचं बोंडही नाही.

"काऊन थांबली?" रीता हसली. "भ्याली का कॅप्टन?"

भ्याली? मी? टाइप केला पासवर्ड, तीन वर्षांत कोणालाही न सांगितलेला. अंगठा उचलला.

लवंगेचा वास आला.

रूपालीचं हसू थांबलं. "कोन खाऊन राह्यलं वं लवंग?"

कोणीच नाही.

मी खाली पाहिलं. पाठवायच्या बाणावर सरकी होती.

चेपलेली, ओली.

बोट लावलं. कोमट होती.

मी पासवर्ड पुसला. मग बाबांसारखा हात आत घातला: विकणाऱ्याच्या पानावरची वरची सगळी वाहवा सरकवत खाली, खाली, पार तळाला गेले. तिथं एकानं लिहिलं होतं, "पासवर्ड दिला, खातं गेलं." त्याखाली दुसऱ्यानं. त्याखाली तिसऱ्यानं. ब्लॉक! वाघिणी वाचल्या! आम्ही तिघी पलंगावर इतक्या नाचलो की आई धावत आली.

संध्याकाळी ती सरकी मी बाबांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती उजेडात धरली. दाताच्या खुणेत मधेच थोडी जागा कोरी होती.

"तूनं चावली?"

"नाई, बाबा."

 बाबा दाराकडे बघत उठले आणि शर्टाची वरची गुंडी लावली, मोठं माणूस घरात आल्यावर लावतात तशी.

"आई, बाबा, माझं ठरलं," मी म्हटलं. "हिरे गेमच्या आतल्याच दुकानातून घेणार, पूर्ण भावात, तुम्ही दोघं बाजूले बसले असताना. पासवर्ड कोणालेच नाई, रूपालीलेही नाई. आनं शनिवारी याच खोलीत मॅच पाह्यले या, पण माझ्या उजव्या हाताची ही खुर्ची सदाशिवरावायसाठी रिकामी ठेवजा. आताही तिच्यावर कोनी बसू नका."