कडीवरचा हात

हे खरं घडलेलं आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल थाप समजावी. पण भावजींच्या बरगड्यांचे एक्स-रे मी स्वतःच्या हाताने खिडकीशी धरून पाहिलेत.

आणि आधीच सांगते, ही रात्रीची गोष्ट नाही.

भर दुपारी घडलेली आहे. लख्ख उन्हात. दोरीवर कपडे वाळत असताना.

जिथे घडली ते घर गावाच्या अगदी टोकाला आहे. डांबरी रस्ता संपतो आणि जंगलाचा चढ सुरू होतो, तिथे. आजही आहे. त्यात माणसं राहतात.

माझी मावसबहीण, जिला मी ताई म्हणते, फिजिओथेरपिस्ट आहे. निखळलेले खांदे, मोडून जुळलेले पाय हातात घ्यायचे आणि माणसाला पुन्हा चालतं करायचं, हे तिचं काम. तिचा नवरा, म्हणजे माझे भावजी, रोपवेच्या तारा तपासतात. दिवसभर उंचावर लोंबकळून आलेला माणूस सुट्टीला तरी घरी लोळेल की नाही? छे! सुट्टी आली की तंबू पाठीला बांधायचा आणि तिघांनी पसार व्हायचं. त्यांची मुलगी चालायच्या आधी चढायला शिकली, म्हणून घरात तिचं नाव पडलं खारू.

भावजींची बदली झाली तेव्हा नवीन गावात घर बघायला तिघंही गेली.

पहिला फ्लॅट चौथ्या मजल्यावर होता. ऑफिस जवळ, शाळा जवळ, लिफ्ट, पाणी, सगळं झकास. खिडकीतून मात्र पार्किंग दिसायचं. खारूने विचारलं, इथे खेळायचं कुठे? तर एजंट म्हणाला, गच्चीवर प्लॅस्टिकचं गवत आहे की. खारूने त्याच्याकडे असं पाहिलं, की बिचारा पुढचं सांगायचं विसरला.

दुसरं घर तळ्याकाठी होतं. होडी ठेवायलाही जागा होती. पण डासांनी तिघांना उभंही राहू दिलं नाही.

तिसरं घर हे.

स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं की समोर पायवाट. थेट जंगलात चढत जाणारी. भावजी त्या दारात जे उभे राहिले ते उभेच. ताई म्हणते, त्यांची पाठ बघूनच मला कळलं, आता हे इथून हलायचे नाहीत.

तिला थोडी धाकधूक होती. खारूची शाळा लांब, शेजार नाही. म्हणून तिने एजंटला सांगितलं, आधी आठवडाभर राहून बघतो. एजंट भला माणूस होता. त्याने लगेच किल्ली दिली.

पहिले काही दिवस मजेत गेले. खारू झाडावरून उतरायला तयार नव्हती. भावजी कामावर जायच्या आधी टेकडीवर धावून यायचे आणि दाढी करता करता शिट्टी वाजवायचे. ताईने मनातल्या मनात पडद्यांचे रंगसुद्धा ठरवले.

मग एका दुपारी ती ओट्याशी कांदा चिरत होती. खारू जेवणाच्या टेबलावर चित्र काढत होती.

आणि अचानक...

पाखरं गप्प झाली.

एकेक करून नाही. सगळी एकदम. कोणीतरी रेडिओ बंद करावा तशी.

ताईचा हात थांबला. आणि मग तिला ऐकू आलं... कोणीतरी धावत येत होतं.

वरून. पायवाटेने. जिवाच्या आकांताने धावणारी पावलं. घसरणारी, धडपडणारी, पुन्हा उठणारी.

त्यांच्या मागे आणखी कोणाची तरी पावलं होती. जड. ती धावत नव्हती. नुसती चालत होती.

तरीही ती जवळ येत होती.

ताई मागच्या दाराकडे गेली. हे दार लोखंडी होतं, जुनं लाकडी दार वादळात मोडलं म्हणून बसवलेलं. तिने कडीला हात घातला, एवढ्यात बाहेरून दारावर मुठी आदळल्या.

धाड. धाड. धाड.

ती कडी काढणारच होती. पण तिने मागे वळून पाहिलं. खारू खुर्चीवर उभी होती, हातातला खडू तोंडाशी धरून.

ताईचा हात कडीवरच राहिला.

दुसऱ्या हाताने तिने भावजींना फोन लावला, स्पीकरवर. त्यांनी लगेच उचलला. मागे वाऱ्याचा आवाज येत होता. ते टॉवरवर होते, काम चालू होतं. तिने सांगितलं, दाराशी कोणीतरी आहे, त्याच्या मागे कोणीतरी लागलंय. ते म्हणाले, "दार उघडू नकोस. खारू जवळ आहे ना? अजिबात उघडू नकोस. पोलिसांना फोन कर."

त्यांचं बोलणं संपतंय तोच जड पावलं दाराशी पोहोचली.

आणि मार सुरू झाला.

ताईने आयुष्यभर माणसांची हाडं हाताळली आहेत. पलीकडे काय चाललंय ते तिला बघावं लागलं नाही. हा गाल. हे पोट. ही लाथ, पाठीत. मग डोकं दारावर आपटल्याचा आवाज. पुन्हा. पुन्हा. मग एक बारीक, कोरडा आवाज आला, सुकी काटकी मोडावी तसा. ती बरगडी होती. तिला पक्कं ठाऊक होतं. त्यानंतर माणूस ओरडत नाही, कारण ओरडायला श्वास मिळत नाही. तो फक्त घशातून गुरगुरतो.

तसंच झालं.

मारणारा एक शब्द बोलला नाही. शिवी नाही, धमकी नाही. धापसुद्धा लागली नाही त्याला.

मार खाणारा मात्र एकदा बोलला. तोंडात रक्त भरलेलं असावं तसा आवाज...

"उघड."

ताईने खारूला पोटाशी धरलं, तिचे कान दाबले आणि जमिनीवर बसून राहिली.

मग ओढत नेल्याचा आवाज आला. वर, चढावर. नखं दगडांवरून खरडत गेल्याचा.

मग काही नाही.

मग पाखरं बोलायला लागली.

पोलीस आले. दार तपासलं, पायवाटेवर बरंच वरपर्यंत जाऊन आले. रक्ताचा थेंब नाही. गवताची काडी मोडलेली नाही. दारावर साधा ओरखडा नाही. त्यांनी ताईकडे जरा सहानुभूतीने पाहिलं आणि नवीन जागेत होतं असं, म्हणून निघून गेले.

भावजी हसले नाहीत. ते तसे नव्हतेच. पण त्यांचा विश्वासही बसला नाही. टेकड्यांमध्ये आवाज कुठून कुठे जातो याचा नेम नसतो, असं त्यांचं म्हणणं. पलीकडच्या उतारावर कोणीतरी लाकडं फोडत असेल. आपण पारखून बघू, मग घराचं ठरवू, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते दुपारीच घरी आले. सकाळी केलेली गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट. खारूला ताईने समोरच्या अंगणात बसवलं होतं. सकाळीच तिने ते लोखंडी दार ओल्या फडक्याने पुसून काढलं होतं, आतून आणि बाहेरून. मनाचं समाधान म्हणून.

बराच वेळ दोघं दाराशी बसून राहिले. काहीच झालं नाही. शेवटी भावजी कंटाळून उठले.

"मी त्या वळणापर्यंत जाऊन येतो. तिथून ओरडतो, तुला कसं ऐकू येतं बघ."

ताई म्हणाली, नको. ते म्हणाले, हा गेलो आणि हा आलो. तिने कडी लावली नाही. दाराच्या आत, हात कडीवर ठेवून उभी राहिली. तिने ठरवलं होतं, आज पहिल्या थापेला उघडायचं. काय व्हायचं ते होवो.

ते वळणाआड गेले.

आणि पाखरं गप्प झाली...

ताईने कानांत प्राण आणले. आता पावलं येतील. आता थाप पडेल.

पावलं आली नाहीत.

थाप पडली नाही.

नुसती शांतता. इतकी, की फळीवरच्या घड्याळाची टिकटिक घणासारखी वाटावी. ती त्यांना हाका मारायला दार उघडणार, एवढ्यात खाली, अगदी उंबऱ्याशी, काहीतरी खरडलं.

तिने दार ओढलं.

दाराला टेकून बसलेला माणूस आत कोसळला.

ते भावजी होते.

एक डोळा सुजून बंद झालेला. ओठ फाटलेले. बोटांची नखं उखडलेली. शर्टाच्या चिंध्या झालेल्या, आणि त्यांवरचं रक्त सुकून काळं पडलेलं, कडक झालेलं.

ताई किंचाळली नाही. तिचे हात आपोआप कामाला लागले. मान धरली, नाडी बघितली, शर्ट बाजूला केला. आणि तिथे तिचे हात थांबले.

अंगावरचे वळ लाल नव्हते. जांभळे-काळे झालेले होते. ताजा मार असा दिसत नाही. हा रंग चढायला एक रात्र जावी लागते.

ताई असले वळ रोज बघते. तिने त्यांच्या गालाला हात लावला. गाल खरखरीत होता. दाढी वाढलेली होती.

त्यांना जाऊन कितीसा वेळ झाला होता? ओट्यावरचा चहा अजून गरम होता.

तिने दाराकडे पाहिलं. सकाळी पुसलेल्या त्या दाराच्या बाहेरच्या अंगाला पोचे पडले होते. मुठीएवढे. एक मोठा, डोक्याएवढा. त्यांवर सुकलेले काळे ओघळ होते.

भावजींनी तो एक उघडा डोळा तिच्यावर रोखला. आवाज फुटत नव्हता, तरी बोलले.

"काल का नाही उघडलंस?"

दवाखान्यात डॉक्टर ताईवरच वैतागले. म्हणाले, इतका उशीर का केलात, कालच आणायचं होतं यांना. तुटलेल्या बरगड्या दाखवल्या. ताईने मान हलवली.

भावजींनी ती हकिगत एकदाच सांगितली. वळणावर पाखरं थांबली. मागे जड पावलं वाजली. मागे वळून बघायचं नाही, एवढं त्यांना आतून कळलं, आणि ते पळाले. दाराशी पोहोचले, मुठी आदळल्या. आतून ताईचा आवाज येत होता.

"तू फोनवर बोलत होतीस," ते म्हणाले. "माझ्याशीच. मला माझा आवाज ऐकू येत होता. उघडू नकोस, म्हणत होतो मी."

नंतर त्यांना ओढत वर नेलं. तिथे रात्र झाली. अख्खी रात्र. कधीतरी मारायचं थांबलं. मग उजाडल्यावर ते कोपरांवर सरपटत खाली निघाले, दाराशी पोहोचायला दुपार झाली.

मारणारा कोण होता, कसा होता, त्यांना दिसलं नाही. त्याच्याबद्दल ते एवढंच सांगतात...

"तो दमत नव्हता."

एजंटला ऐकून खरंच धक्का बसला. आधीचं कुटुंब त्या घरात वर्षानुवर्षं सुखाने राहिलं होतं. नंतर आलेलंही राहतंय. समोर सायकली दिसतात, मागे तंबू वाळत घातलेला असतो. ताई एकदा त्यांना सावध करायला गेली होती. त्यांनी ऐकून घेतलं, पाणी दिलं, आणि म्हणाले, आम्हाला तर कधी काही जाणवलं नाही.

ताईच्या कुटुंबाने चौथ्या मजल्यावरचा तो फ्लॅट घेतला. पार्किंग दिसणारा. डोंगर सुटले ते सुटलेच. खारू आता मोठी झाली आहे. तीही कुठे चढत नाही.

मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेले होते. आम्ही जेवत होतो. दारावर टकटक झाली. भावजी ताट तसंच ठेवून उठले, आतल्या खोलीत गेले आणि आतून कडी लावली. खारूने मान वर केली नाही. तिला सवय असावी.

आणि ताई... धावत गेली. दुसरी थाप पडायच्या आत तिने दार सताड उघडलं. भोकातून बघितलं नाही, कोण आहे विचारलं नाही. बाहेर कुरियरवाला होता. तोच दचकून मागे सरकला.

मी तिला म्हटलं, अगं, निदान आवाज तरी द्यावा, कोण आहे म्हणून.

ती म्हणाली, "विचारण्यात वेळ जातो गं."

तेव्हापासून मला चैन नाही.

त्या दुपारी तिच्या दाराकडे दोघं येत होते. ती दार उघडते ते पहिल्यासाठी.

पण दरवेळी पहिलाच आधी पोहोचेल, असं थोडंच आहे...