पडद्यावरचा मुलगा

बाजारात त्याला सगळे शंकासुर म्हणत. कॉम्प्युटर दुरुस्त करता करता त्याचा यंत्रांवरचा विश्वास वाढला होता आणि माणसांवरचा पार उडाला होता. यंत्र खोटं बोलत नाही; घरचे मात्र आतून चमचा निघाला तरी म्हणतात, आम्ही हातसुद्धा लावला नाही. त्यामुळे वरच्या मजल्यावरच्या त्या घरी त्याच तक्रारीसाठी भरदुपारी पुन्हा जिना चढताना त्याची खात्री झाली होती, इथे कुठेतरी पाणी मुरतंय.

दार सुनेने उघडलं. तिचा नवरा जाऊन वर्ष होत आलं होतं. घरात ती आणि सासरे, दोघंच.

"कॉम्प्युटर सुरू होतो हो दादा," ती म्हणाली. "पंखा फिरतो, सुरू झाल्याचा आवाजही येतो. फक्त चित्र येत नाही."

"मागच्या खेपेलाही हेच झालं होतं."

"यांचे सगळे फोटो त्यातच आहेत." तिने आवाज खाली आणला. "मला चेहरा नीट आठवेनासा झालाय. परवा डोळे मिटले तर... नुसती आकृती."

आतल्या खोलीत खिडकी बंद होती आणि तापलेल्या धुळीचा वास कोंडला होता. भिंतीवर खिळे होते, खिळ्यांखाली रंग न उडालेले चौकोन होते, फोटो मात्र एकही नव्हता. ते बाबांनी काढून ठेवलेत, कुठे ते सांगत नाहीत, असं सून म्हणाली. सासरे कोपऱ्यात खुर्चीवर बसले होते, टेबलाकडे पाठ करून.

शंकासुराने बटण दाबलं. पंखा घरघरला, ओळखीचा सूर वाजला, पडदा काळाच. त्याने वायर बदलली. आपल्याबरोबर आणलेला छोटा मॉनिटर लावून पाहिला. तोही काळा. मग त्याने कॉम्प्युटरचा डबा वळवला. मागच्या वेळी झाकणाच्या स्क्रूवर त्याने लाल रंगाचा ठिपका दिला होता, कोणी उघडलं तर कळावं म्हणून. ठिपका तडकला होता. आत, पडद्याला चित्र पुरवणारं कार्ड खाचेतून अर्धवट वर आलं होतं.

सुनेला त्याने पाणी आणायला पाठवलं आणि म्हाताऱ्याजवळ गेला.

"आजोबा, कार्ड तुम्हीच सैल करता ना?"

"हो."

इतक्या सरळ उत्तराची त्याला सवय नव्हती. "का पण? बिचारीला नवऱ्याचा चेहरा बघायचाय."

"त्यात तो नाहीये." म्हाताऱ्याने दाराकडे पाहिलं. "तो गेला त्याच आठवड्यात हा कॉम्प्युटर लावून आम्ही फोटो बघितले. फोटोत सगळे आम्हीच... माझ्या मुलाच्या जागी मात्र भलताच माणूस. सून म्हणाली, हेच ते. मग भिंतीवरच्या फोटोंतही तोच दिसायला लागला..." त्याने डोळे मिटून त्यांवर बोटं ठेवली. "माझा मुलगा आता फक्त इथे आहे. तेवढा तरी राहू द्या."

शंकासुराला मनापासून वाईट वाटलं. पण वय झालं की माणूस असं काही बोलतो, आणि पाणी घेऊन आलेली सून दारात आशेने थांबली होती. त्याने कार्डाचे दात पुसले, ते खाचेत घट्ट बसवलं, स्क्रू आवळला. पडदा उजळला.

सुनेने लग्नाचा फोटो उघडला आणि पदर तोंडाला लावला. "हेच... हेच ते." फोटोत ती होती, शेजारी हसतमुख तरुण, लांब सरळ नाकाचा, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून सासरे. बाकीच्यांच्या नजरा कुठे कुठे गेल्या होत्या. तो एकटाच समोर पाहत होता.

"बाबा, एकदा बघा ना. माझ्यासाठी." तिने सासऱ्यांची खुर्ची वळवली आणि डोळ्यांवरचा हात हळूच काढला.

म्हातारा बराच वेळ बघत राहिला. "हात माझाच आहे," तो पुटपुटला. "पण त्या हाताखाली... हा नव्हता."

"मग तुमचा मुलगा दिसायला कसा होता?" शंकासुराने विचारलं. संशय त्याला गप्प बसू देईना.

"कसा म्हणजे? नाक माझ्यावर गेलेलं. बसकं. आणि हनुवटी..." म्हातारा थांबला. आपल्या बसक्या नाकावर त्याने बोट ठेवलं. "नाक..." त्याने डोळे गच्च मिटले. ओठ हलत होते. खोलीत फक्त पंख्याची घरघर होती.

डोळे उघडले तेव्हा चेहरा निवळला होता.

"असाच होता," तो म्हणाला. "अगदी असाच."

सून रडत त्याच्या पायाशी बसली. तो तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिला. मग त्याने गोंधळून वर पाहिलं.

"मग मी ते कार्ड का सैल करत होतो हो?"

शंकासुराने स्क्रू-ड्रायव्हर खिशात घातला. त्याने आपला मॉनिटर काखोटीला मारला आणि बाहेर पडला.

जिना उतरताना त्याला उगाच आपला गेलेला थोरला भाऊ आठवला. चेहरा लगेच आला, अगदी स्पष्ट, हसतमुख, लांब सरळ नाकाचा. भावाचं नाक लांबच होतं ना, हे विचारायला त्याच्या घरात आता कोणी उरलं नव्हतं.