ओफ्राची तहान

बालवाडीच्या भंगार-अंगणात आपला टाइपरायटर दिसला आणि तिथली शिक्षिका येमिमा धावतच तिकडे गेली.

टाइपरायटर म्हणावं असं त्यात काही उरलंही नव्हतं. रूळ गिदीच्या मांडीवर होता, जुळ्या बहिणी अक्षरांच्या दांड्या उपटत होत्या आणि ओफ्रा उघड्या सांगाड्यावर बसून मन लावून स्क्रूड्रायव्हर फिरवत होती. मुलांना रागावायची सोय नव्हती. किबुत्झमधलं, म्हणजे त्या सामुदायिक शेतीच्या वस्तीतलं, सगळं मोडकं-तोडकं या अंगणात यायचं — ट्रॅक्टरची सीट, गळकी बादली, मुका झालेला रेडिओ — आणि एकदा आलं की ते मुलांचं. खोला, तोडा, जोडा. हा नियम खुद्द येमिमानेच घालून दिला होता.

"थांबा, थांबा! हे इथे कुणी आणलं?"

"मी." हातगाडीमागून एक उंच माणूस पुढे आला. बुटांना चिखल, कानाच्या पाळीला ग्रीस. "गॅरेजच्या दाराशी पडला होता. मला वाटलं, मेला."

"मेला नव्हता! दुरुस्तीला ठेवला होता मी. फक्त रूळ अडकत होता त्याचा."

त्याने गिदीच्या मांडीकडे पाहिलं. "आता नाही अडकणार."

येमिमाला हसू आलं, आणि हसू आल्याचा भयंकर राग आला.

त्याचं नाव एल्काना. उत्तरेकडच्या गालीलमधल्या एका किबुत्झने नांगरणीपुरता उसना दिलेला मेकॅनिक. "जोडून देतो," तो खाली मान घालून म्हणाला. "दुपारी मुलं झोपली की येत जाईन... चालेल?"

"न चालून सांगते कुणाला?" ती म्हणाली.

एल्काना दुसऱ्या दिवशी जरा लवकरच आला. मुलं अजून चटईवर बसून गोष्ट ऐकत होती. तो मागच्या बुटक्या खुर्चीत बसला तेव्हा त्याचे गुडघे हनुवटीला लागले. येमिमा स्वतः लिहीत असलेल्या नव्या पुस्तकातली साळिंदराची गोष्ट सांगत होती. काटे टोचतील म्हणून कुणाच्या घरी न जाणारं साळिंदर शेवटी सशाच्या दाराशी येतं, आतला दिवा बघतं, मागे वळतं आणि...

"पाणी!" ओफ्रा ओरडली.

येमिमाने शांतपणे पेन्सिल काढली आणि त्या पानावर काट मारली.

मुलं झोपल्यावर एल्काना कुजबुजला, "एवढं चांगलं पान! का खोडलंत?"

"ज्या पानावर मुलांना तहान लागते, ते कंटाळवाणं. ते पान जातं. तेल अवीवचे प्रकाशक काहीही म्हणोत, माझे परीक्षक इथे झोपलेत."

"आणि त्या बाईसाहेबांना तहान लागतेच?"

"माझी एकही गोष्ट ओफ्राने पाण्यावाचून पुरी ऐकलेली नाही." ती हसली, पण ते तिला मनापासून लागत होतं.

"मलाही तहान लागली होती," स्क्रू फिरवत तो म्हणाला. "साळिंदर दारापर्यंत येऊन परत जातं. दार वाजवत का नाही?"

"भित्रं आहे."

"हं." त्याचे कान लाल झाले. "असतं एखादं."

मग दुपारमागून दुपार अशीच जाऊ लागली. पत्र्यावर हिवाळी पाऊस टपटपत असायचा, भिंतीपलीकडे मुलांचे श्वास. एल्काना खिशातून संत्रं काढायचा, सोलून अर्धं तिच्यापुढे ठेवायचा. बोटं कधी बोटांना लागायची... आणि दोघंही एकदम टाइपरायटरकडे बघायला लागायची. येमिमा ओठ रंगवणारी बाई नव्हती, पण हल्ली दुपारी केस मात्र दोनदा विंचरले जात होते.

जेवणघरातल्या झेल्दाच्या नजरेतून काही सुटत नसे. "अगं, अख्खा ट्रॅक्टर दोन दिवसांत उभा करतो हा माणूस, आणि तुझ्या टाइपरायटरला महिना? स्क्रू हरवलेत की हाच हरवलाय?"

"झेल्दा, सूप वाढ."

"वाढते. पण रविवारी दुधाच्या गाडीने तो परत चाललाय, माहितेय ना? नांगरणी संपली."

माहीत नव्हतं. येमिमाने सूप तसंच ठेवलं. तिला तो जायला नको होता, आणि हे तिला तिथे, जेवणघरात, सगळ्यांसमोर कळलं.

शुक्रवारी दुपारी एल्काना आला. त्याने टाइपरायटर पडवीत, मुलांच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीखालच्या बाकावर ठेवला. चकचकीत, पुरा.

"झाला?" तिने कळांवरून बोट फिरवलं.

"जवळजवळ." तो बराच वेळ हात पुसत राहिला. "मला... बोलायला जमत नाही, येमिमा."

"मग गोष्ट सांग."

"गोष्ट... बरं. एक मेकॅनिक होता. रोज दुपारी तो एक यंत्र जोडायचा. आणि जाताना एक स्क्रू काढून खिशात घालायचा."

"लबाड!"

"लबाडच. कारण यंत्र चालू झालं, की त्याला तिथे यायला काही कारणच..." त्याने मूठ उघडली. तळव्यावर एवढासा स्क्रू होता. "हा शेवटचा. हा बसवला की... तुला पाणी हवंय का?"

येमिमाचा घसा कोरडा पडला होता. "नको," ती म्हणाली. "दार वाजव ना आता."

"त्याला जायचं नाहीये. आपल्या लोकांशी बोलेल तो, राहायची परवानगी मागायला इथल्या सभेपुढेही उभा राहील. पण तिला नको असेल, तर रविवारची गाडी आहेच." त्याने तिच्याकडे पाहिलं, पहिल्यांदाच नजर न चोरता. "मला आवडतेस तू. फार. राहू मी इथे?"

येमिमाने तोंड उघडलं आणि तेवढ्यात वरची खिडकी करकरली. विस्कटलेले केस, गालावर उशीचे वळ. ओफ्रा खाटेवर उभी राहून दोन्ही कोपरं चौकटीवर टेकून ऐकत होती. कधीपासून, देव जाणे.

"ओफ्रा! झोपली नाहीस? पाणी हवंय का?"

"नको!" ओफ्रा वैतागून म्हणाली. "ती काय म्हणाली, ते सांग ना आधी!"

येमिमाने एल्कानाच्या तळव्यावरचा स्क्रू उचलला आणि आपल्या खिशात टाकला.

"ती म्हणाली, राहा."